लिहिणाऱ्याचं सुतक

"ताप आहे?" सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"मग सेतुराम राव घरी का बसलाय?"

"त्याला उठवत नाही."

"उठवत नाही! हा कोणता रोग, डॉक्टर? माझ्याजवळ यादी आहे. यादीत दाखवा."

त्यांनी खरोखरच छापील यादी माझ्यापुढे सरकवली. कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण, इजा, इतर. मी "इतर" वर बोट ठेवलं. ते म्हणाले, "इतर म्हणजे साप चावणं वगैरे." मी बोट उचललं. या ऑफिसात बोट मागे घेण्याचा मला चांगला सराव होता.

हे ऑफिस कुंभकोणममधलं. कोणतं ते लिहीत नाही, कारण सेक्रेटरीसाहेबांची नातवंडं आजही आमच्याच गल्लीत राहतात आणि भेटली की नमस्कार करतात. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात सब-असिस्टंट सर्जन होतो. नाव एवढं लांब, पण अधिकार आखूड. पेशंट सगळे मी बघायचे, पण जरा मोठा कागद असला की सही तंजावरच्या गोऱ्या साहेबाची. तो जिल्ह्याचा मोठा डॉक्टर. आम्ही त्याला नुसतं "डीएमओ" म्हणायचो.

सेतुराम राव आमच्यातलाच, म्हणजे तंजावरी मराठी, आणि माझ्यासारखाच आडनावाने राव. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर तमिळ, तसेच आम्ही सगळे. आमची मराठी ऐकून पुण्याकडचा माणूस अजून हसतो. हसू दे. तर हा सेतुराम त्या ऑफिसात जन्ममृत्यूचा क्लार्क होता. घरात कुणी गेलं की माणसांनी त्याच्याकडे यायचं आणि नाव, बापाचं नाव, वय, गल्ली, कारण सांगायचं. तो रजिस्टरात लिहायचा. दर आठवड्याला त्याचा गोषवारा तंजावरला जायचा. त्याला "वीकली रिटर्न" म्हणत. माणूस बोलका होता, थट्टेखोर होता. पोराचा जन्म लिहायला आलेल्या बापाला "पुढचं कधी?" असं विचारून लाजवायचा.

पहिलं महायुद्ध संपायच्या सुमारास, १९१८ साली, तो इन्फ्लुएन्झा आला. त्याचं वर्णन करत बसत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि न पाहिलेल्यांना सांगून कळणार नाही. एवढंच सांगतो की सेक्रेटरीसाहेबांनी सोय म्हणून सेतुरामचं टेबल ऑफिसातून उचलून माझ्या दवाखान्याच्या ओसरीवर आणून ठेवलं. मेलेल्याचे नातेवाईक एका दाराने बाहेर पडत आणि पाच पावलांवर सेतुराम बसलेला असे. रांग तुटायची नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्याचा एकच आवाज माझ्या कानावर यायचा. "नाव? बापाचं नाव? वय?" कारणाच्या रकान्यात तो स्वतःच "ताप" लिहायचा, विचारायचा नाही. माझ्या दारात बसलेला माणूस रोज थोडाथोडा खचत होता आणि मी रोज त्याच्या बाजूने जात-येत होतो. मला दिसलं नाही. ती खंत आहे, ती आधीच सांगून टाकतो.

नोव्हेंबर सरला आणि ताप ओसरला. वॉर्ड रिकामा झाला. मी म्हटलं, चला, सुटलो. आणि मग ओपीडीत वेगळीच माणसं यायला लागली. ताप नाही, छाती स्वच्छ, जीभ स्वच्छ. विणकर म्हणे, मागावर बसतो पण हात चालत नाही. एक धडधाकट शेतकरी पट्टीश्वरमहून चालत आला, आणि काय होतंय विचारलं तर म्हणाला, "काही होत नाही, तेच सांगायला आलोय." बायका म्हणत, चूल पेटवते आणि तिच्यापुढेच बसून राहते. पोरंसोरं बरी होऊन रस्त्यात हुंदडत होती. बसून गेली होती ती मोठी माणसं.

माझ्या रजिस्टरात याला शब्द एकच, "डेबिलिटी". म्हणजे अशक्तपणा. औषधही एकच, टॉनिक. लोहाचं, कडू, लाल. दोन आठवड्यांत बाटल्या संपल्या. मी तंजावरला आणखी मागितल्या. उत्तर आलं, "साथ संपल्याचं आपल्याच रिटर्नवरून दिसतं. मागणी नामंजूर."

साथ संपली आहे आणि गाव आजारी आहे, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे कागदावर कसं दाखवायचं? नाडीत ते सापडत नव्हतं, थर्मामीटरमध्ये तर नाहीच. मग एक दिवस सकाळी दवाखान्यात येताना माझं लक्ष दारांकडे गेलं. डिसेंबरच्या मध्यावर येणारा मार्गळी नुकताच लागला होता, म्हणजे आमच्याकडे रांगोळीचा, कोलमचा महिना. पहाटे उठून बायका दारात सडा घालतात, मोठाले कोलम काढतात, मध्ये शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. त्या वर्षी मी अख्खी गल्ली चालून आलो आणि फुलं मोजायला एका हाताची बोटं पुरली. बाकीच्या दारात काल-परवाचा पाचोळा.

मला एकदम हुरूप आला. सॅनिटरी इन्स्पेक्टर गोविंदसामी रोज सकाळी गटारं बघत गल्ल्या फिरायचा. त्याला मी बोलावलं.

"गोविंदसामी, ज्या दारात कोलम नाही त्याचा घर-नंबर लिहून आणायचा."

"सर, सुतकात कोलम घालत नाहीत."

"ठाऊक आहे. सुतकातली घरं सोड. सुतक नाही, किंवा फिटून आठवडा झाला, आणि तरी कोलम नाही, तीच घरं लिही."

त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पण काम चोख केलं. तीन आठवडे त्याच्या याद्या येत राहिल्या. आकडा कमी होत नव्हता, वाढत होता. ताप खाली गेला होता आणि बिनकोलमची दारं वर चढत होती. असला तक्ता मी तरी कुठल्या पुस्तकात पाहिला नव्हता. मी तो सुबक अक्षरात काढला, वर "तापानंतरची उदासी" असा मथळा दिला आणि सेक्रेटरीसाहेबांच्या मार्फत तंजावरला पाठवायला दिला. मार्फत पाठवावं लागे, तो नियम होता.

सेक्रेटरीसाहेबांनी मथळा वाचला नाही. यादी वाचली. यादीतल्या प्रत्येक घराला, दारापुढची जागा अस्वच्छ ठेवल्याबद्दल, दंडाची नोटीस गेली.

मी कपाळाला हात लावला. ज्या बाईला नवरा जाऊन महिना झाला, जिला हातात पीठ धरवत नाही, तिच्या हातात नोटीस! दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात निम्मी गल्ली उभी. "डॉक्टर अय्या, तुम्ही आमची नावं दिलीत म्हणे?" काय सांगणार? नावं दिली होती. औषध मिळावं म्हणून दिली होती, हे कोणाला पटवणार? गोविंदसामीने यादी करायचं बंद केलं आणि माझ्याशी आठवडाभर फक्त गटारांबद्दल बोलला.

त्या यादीत एक घर सेतुराम रावांचंही होतं.

आता पुन्हा सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलाशी येतो. सेतुरामने डेबिलिटीखाली पंधरा दिवसांची रजा घेतली होती. त्याहून जास्त डेबिलिटी नियमात बसत नव्हती. रजा संपून दहा दिवस झाले होते. "पहिल्या तारखेला तो टेबलावर नसला तर नाव कमी करतो," साहेब म्हणाले. "नाहीतर रोगाचं नाव लिहिलेलं सर्टिफिकेट आणा. नाव हवं. 'उठवत नाही' चालणार नाही." सेतुरामची अठरा वर्षांची नोकरी होती, आणि घरात तो एकटा मिळवता.

मी तसाच त्याच्या घरी गेलो. त्याची बायको कमलाअक्का दारातच उभी होती, हातात ती नोटीस. गल्लीतल्या सगळ्यांची ती अक्का, माझ्याहून लहान असली तरी.

"या, डाक्टर. दंड भरून घ्यावयास आलां काय?"

"अक्का, ते मी नाही केलं."

"नांवें कोणी दिलीं?"

मी विषय बदलला. "कसा आहे तो?"

"काय सांगूं? सुम्मा बसतात." सुम्मा म्हणजे तमिळमध्ये उगाच. "जेवा म्हटलें तर जेवतात. नोको म्हटलें तर नोको. घरांत कोणी गेलें नाहीं हो! माझीं लेंकरें जितीं आहेत, मी जिती आहें. पट्टीश्वरमच्या दुर्गेस समई बोललें आहें. लोकांच्या घरीं दोन-दोन गेलीं, तीं माणसें रडलीं, उठलीं. यांस काय झालें?"

"आणि कोलम का नाही घातला?"

"तेंच नोको म्हणाले. गांव सारा सुतकांत, आमच्या दारांत फूल कशास, म्हणाले."

सेतुराम आत खांबाला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. मी नाडी पाहिली. नाडी उत्तम. डोळे पाहिले. त्याने मला ते करू दिलं, जसं एखाद्या पोराला खेळू द्यावं.

"सेतु, काय होतंय?"

"कांहीं नाहीं."

"झोप?"

"येते. मग नांवें येतात."

"कसली नावं?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "डाक्टर, तुम्ही शिकलेले. एक सांगा. लिहिणाऱ्यास सुतक किती दिवस?"

मला दमल्यासारखं झालं होतं, उन्हातून आलो होतो, वरून सेक्रेटरी डोक्यात होते. मी चिडून म्हणालो, "लिहिणाऱ्याला कसलं आलंय सुतक? लिहिणाऱ्याला सुतक नसतं."

"हेंच तर," तो म्हणाला, आणि पुन्हा खांबाला टेकला.

मी दवाखान्यात परतलो आणि सर्टिफिकेट लिहायला बसलो. नाव हवं होतं ना? नाव मला ठाऊक होतं. मद्रासला शिकताना ते पाठ केलं होतं. "मेलँकोलिया". म्हणजे असं दुःख की जे माणसाचं सगळं अंग व्यापून बसतं. खरं निदान, खऱ्या शब्दात लिहिलं आणि सही ठोकली. तीस दिवसांची रजा सुचवली. स्वतःवर खूष झालो. आयुष्यात पहिल्यांदा त्या ऑफिसला मी खरं काहीतरी पाठवलं होतं.

चार दिवसांनी सकाळी एक पोलीस सेतुरामच्या ओट्यावर येऊन बसला.

झालं होतं असं. मेलँकोलिया हा शब्द डेबिलिटीच्या कागदात बसत नाही, तो वेड्यांच्या कागदात बसतो. आणि तो कागद एकदा उघडला की रजेचा विषयच राहत नाही. एका डॉक्टरने लिहिलं की दुसऱ्या डॉक्टरने तपासायचं, दोघांचं जमलं की मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा आणि पोलिसाने माणूस मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवायचा. पहिला डॉक्टर मी झालो होतो. दुसरा डॉक्टर म्हणून डीएमओ साहेब गुरुवारी सकाळच्या गाडीने स्वतः येणार होते. तोवर पेशंट पळू नये, की जिवाचं काही करू नये, म्हणून पोलीस.

कमलाअक्का त्याच पोलिसासमोर, भर रस्त्यात माझ्यावर ओरडली. "काय लिहिलें तुम्हीं? अत्तां सांगा, काय लिहिलें?"

"अक्का, मी रजा मागितली होती."

"रजा मागतां मागतां माझा नवरा वेडा केलांत! नोटीस तुम्हींच, पोलीस तुम्हींच! तुम्ही औषध देतां कधीं?"

मी ओट्यावर पोलिसाशेजारी बसलो. लाज वाटली, आणि रागही आला, सेक्रेटरीचा, नियमाचा, त्या शब्दाचा, माझा. सर्टिफिकेट परत घेता येत नव्हतं. एकदा "मार्फत" गेलेला कागद परत मागायचा तर त्यालाही मार्फतच. साहेब यायला दोन दिवस होते. खांबाला टेकून नुसता बसलेला, उत्तर न देणारा माणूस त्यांनी पाहिला असता तर सही करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. मीही केलीच होती की.

बोलता बोलता मी तिला सेतुरामचा तो प्रश्न सांगितला. लिहिणाऱ्याला सुतक किती दिवस. सांगताना हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. पदर कमरेला खोचला.

"चला," म्हणाली.

"कुठे?"

"वाध्याराकडे."

वाध्यार म्हणजे आमचे उपाध्याय. म्हातारे, बहिरे आणि नियमाचे पक्के. सेक्रेटरीसाहेबांचाच धर्मातला अवतार म्हणा ना. त्यांनी दोनदा प्रश्न ऐकला.

"गोत्र कोणतें?"

"कोणाचें?"

"जे गेले त्यांचें."

"सगळ्यांचें," कमलाअक्का म्हणाली. "विणकर आहेत, भांडींवाले आहेत, ब्राह्मण आहेत, तुरुक आहेत. सगळे लिहिले यांनीं."

"मग नातें नाहीं. नातें नाहीं तर सुतक नाहीं. सुतक नाहीं तर फेडणें नाहीं."

मला पुन्हा यादी पुढे सरकवल्यासारखं वाटलं. मी उठलो. पण ती उठेना. "वाध्यार, घरांत मेलें तर दहा दिवस. मग न्हाणें, नवें वस्त्र, माणसें येतात, देवळांत नेतात. बसलेला माणूस उठतो. यांनीं बसावें किती? कोणी उठवावें यांस? तुमच्या पुस्तकांत कांहीं नाहीं?"

म्हाताऱ्याने बराच वेळ पंचाच्या टोकाने चष्मा पुसला. मग म्हणाला, "लांबचें कोणी गेल्याचें कानावर आलें, तर दहा दिवस नाहींत. ऐकल्याक्षणीं स्नान. तेवढेंच सुतक. स्नान केलें, फिटलें. यांनीं ऐकलें खरें. स्नान केलें कधीं?"

"केलें नाहीं. रांग होती."

"मग राहिलें आहे तें," वाध्यार म्हणाले. "पण नातें हवें. लांबचें कां होईना, हवें."

नातं कुठून आणायचं? ते काम कमलाअक्काने एका दिवसात केलं. कुणाकुणाच्या घरी गेली ते मला माहीत नाही. ज्या घरांना नोटिसा गेल्या होत्या त्या घरांची यादी मात्र तिने गोविंदसामीकडून नेली. माझी ती यादी शेवटी कुठे तरी उपयोगी पडली.

गुरुवारी सकाळी मी गेलो तेव्हा दारापुढे माणसंच माणसं. पोलीस गोंधळून उभा. आत सेतुराम भिंतीला पाठ लावून म्हणत होता, "मी नोको. मज हक्क नाहीं. माझें कोणी गेलें नाहीं." म्हणजे खरोखर, तो नियमाला वाध्यारापेक्षा पक्का होता.

तेव्हा आरुमुगम पुढे आला. हा नाचियारकोविलचा, पितळी समया ओतणारा. त्याची बायको माझ्याच वॉर्डात गेली होती. ओतकामाने भाजलेले हात त्याने पुढे धरले होते, जणू त्यात काही आहे. तो तमिळमध्ये म्हणाला, "अय्या, त्या दिवशी तुम्ही मला तिचं वय विचारलंत. मला माहीत नव्हतं. मागे रांग ओरडत होती. तुम्ही 'तीस' लिहून मला वाटेला लावू शकला असतात. तुम्ही मला बसवलंत. लग्न कधी झालं विचारलंत. मी म्हटलं, देवाचा रथ वळणावर अडकला होता त्या वर्षी. तेव्हा ती केवढी होती विचारलंत. तुम्ही बोटांवर मोजून काढलंत. एकतीस. तिच्याबद्दल मला शेवटचं कुणी विचारलं ते तुम्ही. त्यानंतर कुणी नाही."

सेतुरामने भिंतीची पाठ सोडली. "चिन्नपोन्नु," तो म्हणाला. "बाप मारिमुत्तु. एकतीस."

"होय," आरुमुगम म्हणाला. "चला."

आणि सेतुराम उठला.

आम्ही सगळे कावेरीच्या घाटावर गेलो. मागून पोलीस, कारण त्याला पेशंटवर नजर ठेवायची होती. पाणी कंबरभर आणि गार. वाध्यार म्हणाले, सगळ्यांची मिळून एक बुडी पुरे. सेतुराम म्हणाला, "मी एकेक नांव लिहिलें. एकेक बुडी." मी ओरडलो, "अरे, मार्गळीची थंडी आहे, न्यूमोनिया होईल!" कुणी ऐकलं नाही. डॉक्टरचं त्या गावात कुणी कधी ऐकलं होतं?

तो नाव घ्यायचा. बापाचं नाव, वय, गल्ली. मग बुडी. रजिस्टर ऑफिसात कुलपात होतं, पण त्याला ते ओळीने पाठ होतं. आपल्या माणसाचं नाव आलं की त्या घरचं कुणीतरी एक पायरी खाली उतरायचं आणि ओंजळभर पाणी सोडायचं. पाण्यात उभा सेतुराम रडत होता, ते मी महिन्याभरात पहिल्यांदा पाहत होतो. माझेही डोळे भरले. त्यातली कितीतरी नावं मी माझ्या हाताने पांढऱ्या चादरीखाली झाकली होती, आणि मला त्यांचं वय ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मागून बूट वाजले. डीएमओ साहेब. स्टेशनवरून ते थेट सेतुरामच्या घरी गेले होते, तिथे शेजाऱ्याने सांगितलं, पेशंट नदीवर. साहेब चालत नव्हते, धावत होते.

"राव! तुमचा मेलँकोलियाचा पेशंट नदीत आहे!"

"होय, सर."

"आणि तुम्ही काठावर उभे?"

"सर, तो सुतक फेडतोय."

सुतकाला इंग्रजी शब्द मला त्या क्षणी सुचला नाही. आजही सुचत नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पोलिसाला हुकूम केला, पोलीस बूट काढायला खाली वाकला, आणि सगळं बिघडणार असं मला वाटलं तेवढ्यात सेतुरामचं लक्ष इकडे गेलं. त्याने साहेबांना ओळखलं. अठरा वर्षं त्याने रिटर्न पाठवली होती ती यांच्याच ऑफिसला. तो निथळत पायऱ्या चढून आला, ओठ निळे, दात वाजत होते. हात जोडून म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर. वीकली रिटर्न चार आठवडे लेट आहे. डिले इज रिग्रेटेड."

साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"हा माणूस वेडा नाही, राव. हा क्लार्क आहे."

"होय, सर."

"मग तुम्ही मेलँकोलिया का लिहिलंत?"

"तो दुःखी आहे, सर."

"कोण गेलं त्याचं?"

मी पायऱ्यांकडे हात केला. साहेबांनी त्या माणसांकडे पाहिलं. ते मुळात वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या टोपीला काळी फीत होती, ती माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आली. कोणासाठी ते मी विचारलं नाही. ते म्हणाले, "डेबिलिटी लिहा."

"सर, डेबिलिटीचे दिवस संपले."

"मग नवी डेबिलिटी लिहा. आणि त्याला टॉवेल द्या!"

अशी गोष्ट मिटली. सेतुराम पहिल्या तारखेला टेबलावर हजर झाला. लगेच बरा झाला असं समजू नका. दोन-तीन महिने तो अर्धा दिवस काम करायचा आणि अर्धा दिवस दौतीकडे बघायचा. थट्टा परत यायला त्याहून वेळ लागला. टॉनिकच्या बाटल्या मात्र आल्या, साहेबांनी तंजावरला गेल्या गेल्या पाठवल्या. हळूहळू दारांतून कोलम दिसायला लागले. सेक्रेटरीसाहेबांनी वार्षिक अहवालात लिहिलं की नोटिसांचा जनतेवर अतिशय इष्ट परिणाम झाला. मी ते वाचलं आणि कागद घडी करून ठेवून दिला.

एक गोष्ट राहिली. नदीवर त्या दिवशी सगळी नावं झाली नव्हती, साहेबांनी मध्येच टॉवेल मागवला होता. म्हणून सेतुराम रोज चार वाजता टेबल बंद करून घाटावर जायचा, राहिलेल्यांपैकी काही नावं घ्यायचा, न्हायचा आणि मग घरी. जुनी नावं संपली. संपली त्या दिवसानंतरच्या सकाळी कमलाअक्काने दारात एवढा मोठा कोलम घातला की गोविंदसामीला गटारापर्यंत जायला वाट उरली नाही. त्यानेच येऊन मला सांगितलं, यादी न मागता. पण सेतुरामचं चार वाजता जाणं थांबलं नाही. त्या दिवशी जे नाव लिहिलं ते त्याच दिवशी नदीवर, असा त्याने नेमच केला.

सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावलं. "ऑफिस पाचपर्यंत असतं. हा चारला कसा जातो? नियम दाखवा."

आता मी शिकलो होतो. रोगाला नाव देण्याआधी त्या नावाने कोणता कागद उघडतो ते बघावं, एवढी अक्कल त्या मार्गळीने मला दिली. मी लिहिलं, "डेबिलिटी. उपचार, रोज संध्याकाळी नदीचं स्नान."

"किती दिवस?"

"पुढील हुकूम होईपर्यंत," मी लिहिलं. हे शब्द सरकारचेच. त्यामुळे त्यांना आक्षेप घेता येईना.

पुढचा हुकूम कधी आला नाही. सेतुराम निवृत्त होईपर्यंत ते सर्टिफिकेट चाललं. आता मीही पेन्शनीत आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. सेतुराम जी नावं लिहायचा त्यातली बरीचशी माझ्या सहीच्या दाखल्यावरून उतरवलेली असत. सर्टिफिकेटवर पेशंट एकच होता. चार वाजता घाटावर जाणारे आम्ही दोघं होतो.